‘एक थेंब गळणार नाही’ म्हणाला आणि बोटीत पाणी भरलं

बोटीच्या शाफ्टला, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याला, ‘ड्रिपलेस’ (थेंबही न गळणारं) सील बसवून देतो असं सांगून आमच्याकडून ४६,००० रुपये घेतले, आणि बसवलं काय, तर पंपाच्या सीलचे तुकडे जोडून केलेलं जुगाड. नाशिकच्या परिसरात इनबोर्ड, म्हणजे आत बसवलेल्या इंजिनाच्या बोटी मोजक्याच, त्यामुळे हे काम कळणारी माणसंही मोजकीच. नेमका त्याचाच फायदा घेतला जातो. या कामात फसवणूक झाली तर नुसते पैसे जात नाहीत, बोटीतली माणसं जाऊ शकतात. म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

आमची बोट गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर चालते. मी आणि माझा भाचा मिळून ती चालवतो, दोन्ही घरं त्यावरच चालतात. इंजिन बोटीच्या आत, आणि शाफ्ट तळातून बाहेर पंख्यापर्यंत गेलेला. तो बाहेर पडतो तिथे जुन्या पद्धतीची ब्राँझची ग्लँड, म्हणजे पाणी अडवणारी पेटी होती, आत ग्रीस लावलेल्या दोरीचे वेढे, म्हणजे पॅकिंग. ग्लँड पॅकिंग म्हणजे काय ते सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही पंपवाल्याला विचारा. शाफ्ट फिरताना मिनिटाला थोडे थेंब गळायलाच हवेत, नाहीतर दोरी तापून जळते आणि शाफ्टला चर पडतो. ते थेंब बोटीच्या तळात साचतात, तिथल्या तेला-ग्रीसमध्ये मिसळतात आणि पंपाने उपसून बाहेर जातात. गंगापूरचं पाणी नाशिक पितं. तसलं तेलकट पाणी तिथे सोडणं आम्हा दोघांना मनापासून खटकत होतं. ड्रिपलेस सीलचा विचार त्यातूनच आला, आणि तो विचार आजही बरोबरच वाटतो.

खरं सील असं असतं. बोटीच्या तळातून आलेल्या नळीवर, म्हणजे स्टर्न ट्यूबवर, रबराचा घड्यांचा बेलो क्लॅम्पने आवळतात. त्याच्या तोंडाशी कार्बनची जाड रिंग. समोर शाफ्टवर स्टेनलेस स्टीलचा रोटर, त्याच्या आत ओ-रिंग (रबराचं कडं), आणि तो शाफ्टला सेट स्क्रूने घट्ट धरलेला. बेलो ठरावीक मापाने दाबून रोटर बसवायचा, म्हणजे बेलो स्प्रिंगसारखा कार्बनला रोटरवर रेटत राहतो. कार्बन स्थिर, रोटर फिरता, आणि त्या दोन गुळगुळीत तोंडांमधून पाणी येत नाही. सगळी गोम त्या दाबात आहे. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं. पुढचा गिअर टाकून रेस दिली की पंखा शाफ्टला पुढे, इंजिनाकडे ढकलतो. शाफ्टबरोबर रोटरही कार्बनपासून किंचित पुढे सरकतो. बेलो दाबलेला असेल तर तो फुलून कार्बनला त्याच्या मागोमाग नेतो. नसेल तर फट पडते.

आम्हाला भेटलेला माणूस औद्योगिक वसाहतीत वर्कशॉप चालवतो. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. बोलायला अत्यंत गोड. त्याने टेबलावर अस्सल, परदेशी बनावटीचं सील काढून ठेवलं, हातात दिलं, बेलो दाबून दाखवला. ‘दादा, निर्धास्त राहा. एक थेंब गळणार नाही.’ ३०,००० आगाऊ घेतले. मग बोट वर ओढून काम सुरू झालं. दुसऱ्या दिवशी फोन आला की शाफ्टला चर पडलाय, नवा टाकावा लागेल, त्याचे वेगळे १८,०००. जुन्या पॅकिंगने शाफ्ट झिजतो हे खरंच आहे, आणि झिजलेल्या जागेवर ओ-रिंग बसवली तर तिथून पाणी येतं हेही खरं. त्यामुळे मागणी रास्त वाटावी अशीच होती. ही माणसं ऐंशी टक्के खरं बोलतात आणि उरलेल्यात हात मारतात.

काम झाल्यावर त्याने जेटीला बांधलेल्या बोटीत इंजिन चालू केलं, सीलखाली वर्तमानपत्राचा कागद पसरला आणि बराच वेळ आम्हाला तो कोरडा कागद दाखवत उभा राहिला. आम्ही उरलेले पैसे दिले. तो कागद का कोरडा राहिला ते आता सांगतो. इंजिन आयडलवर होतं आणि गिअर न्यूट्रलला. शाफ्टवर जोरच नव्हता. अशा स्थितीत दोन तोंडं नुसती एकमेकांना टेकलेली असली तरी पाणी दिसत नाही.

सुरुवातीला आम्ही हळूच बोट चालवत होतो, कारण नव्या सीलचा कार्बन घासून बसेपर्यंत थोडी काळी पूड आणि किंचित ओल दिसतेच. मग एका सकाळी प्रवासी घेण्याआधी भाच्याने बोट पाण्याच्या मध्यावर नेऊन पूर्ण रेस दिली. ‘मामा, पाणी!’ एवढंच तो ओरडला. फळी उचलली तर शाफ्टच्या भोवती पाण्याचं चक्राकार कारंजं उडत होतं, बेल्टवर आणि बॅटरीच्या दिशेने. त्याने रेस कमी केली तशी धार मंदावली. म्हणून आयडलवर, तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप चालू ठेवून, कसेबसे काठाला आलो. त्या फेरीत पोरंबाळं बसलेली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून रात्री झोपू देत नाही.

बोट वर घेऊन ओळखीच्या फिटरकडून सगळं उघडलं. बेलोच्या जागी घड्यांचा साधा रेडिएटर होज कापून लावलेला. त्यात स्प्रिंगसारखा दाब देण्याची ताकदच नव्हती. कार्बन पंपाच्या मेकॅनिकल सीलमधला, चिकटवलेला. रोटरला चुंबक खट्कन चिकटलं. चांगल्या सीलचा रोटर ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा असतो, त्याला चुंबक असं धरत नाही. (चुंबक नाही चिकटलं म्हणून माल ३१६ ठरतो असंही नाही. हलक्या प्रतीच्या २०२ ग्रेडलाही चुंबक असं धरत नाही.) सेट स्क्रूंची टोकं चेपलेली, म्हणजे आधी कुठेतरी वापरलेले. अस्सल सीलमध्ये एका भोकात दोन स्क्रू एकावर एक असतात, वरचा खालच्याला अडवून धरतो, आणि एकदा सोडवलेले स्क्रू परत वापरायचे नसतात. इथे भोकाला एकच. आणि नव्या शाफ्टचे १८,००० घेतले तो शाफ्ट आमचाच जुना, पॉलिश मारलेला. चावीच्या खाचेजवळ वेल्डिंगचा एक जुना शिंतोडा होता, तो तसाच होता.

सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? जुनी ब्राँझची ग्लँड. ‘आता ती काय कामाची, भंगार आहे’ म्हणून त्याने ती ठेवून घेतली होती. ती हातात असती तर दोरी भरून बोट लगेच पाण्यात गेली असती. नवी मिळेपर्यंत ऐन हंगामात धंदा बंद राहिला.

जाब विचारायला गेलो तर आधी म्हणाला, पावसाळ्याच्या गढूळ पाण्याने सील गेलं. गाळाने तोंडं खराब होतात हे मान्य, पण गाळाने रबराचा बेलो रेडिएटर होज होत नाही. मग म्हणाला, सुटे भाग आणून द्या, कंपनीला पाठवतो. आम्ही दिले नाहीत. तुम्हीही देऊ नका, तोच पुरावा आहे. बिलावर फक्त ‘मरीन सील सेट – १’ असं लिहिलेलं, ना कंपनी, ना मॉडेल, ना शाफ्टचं माप, ना जीएसटी क्रमांक.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात. बोट धंद्याची म्हणून ग्राहक ठरणार नाही, असं काही जण सांगतील. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगाराने केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यापारी हेतूतून वगळलेली आहे, त्याच आधारावर आम्ही गेलो. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगात शुल्क लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

कुणाला हे सील बसवायचंच असेल तर बंद खोका तुमच्यासमोर उघडायला लावा आणि त्यावरचं मॉडेल व शाफ्टचं माप बिलात लिहून घ्या. सील शाफ्टवर सरकवायचं तर गिअरबॉक्सजवळचं कपलिंग सोडवून काढावं लागतं. त्या वेळी तिथे हजर राहा, फोटो काढा, बेलो किती दाबला ते पट्टीने मोजून घ्या. रोटर सरकू नये म्हणून त्याच्यापुढे शाफ्टवर एक जादा कॉलर आवळून घ्या. बोट पाण्यात उतरली की बेलो हाताने मागे ओढून आतली हवा बाहेर काढायची असते, नाहीतर कार्बन कोरडा फिरून जळतो. तुमचा मिस्त्री हे स्वतःहून करत नसेल तर त्याला हे काम येत नाही असं समजा. आणि शेवटचे पैसे पूर्ण रेसवर, गिअर पुढे आणि मागे दोन्ही टाकून, काठाजवळ चाचणी झाल्यावरच द्या.

आमच्या बोटीला सध्या नवी ग्लँड आहे. गळणारं पाणी खाली ट्रे लावून डब्यात धरतो आणि काठावर आणून वेगळं काढतो, धरणात सोडत नाही. गेल्या वर्षभरात नाशिकमध्ये कुणी असं सील बसवून घेतलं असेल आणि बिलावर फक्त ‘मरीन सील सेट’ एवढंच असेल, तर पुढचा प्रवासी बसवण्याआधी फळी उचला आणि रोटरला चुंबक लावून बघा.