टेस्टरचा दिवा लुकलुकला आणि माझे ७,४०० रुपये गेले

आमची वाडी गुहागर तालुक्यात, वेळणेश्वरच्या अलीकडे. मोबाइलला भरवशाची रेंज हवी असेल तर खळ्याच्या कोपऱ्यात, शेवग्याखाली उभं राहायचं. म्हणून लँडलाइन आम्ही अजून सोडलेला नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा वीज गेली, टॉवर गेला, पण आमचा जुना फोन वाजत होता. त्याला घरातली वीज लागतच नाही, एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून तारेवर ४८ व्होल्ट येत असतात. (कॉर्डलेसवाल्यांनी खूश होऊ नये, त्याच्या बेसला घरातलीच वीज लागते.)

आईचे गुडघे गेले. ओटीवर फोन वाजला की ती माजघरातून निघायची आणि पोचेपर्यंत वाजणं बंद. म्हणून मेमध्ये मीच दोन जॅक वाढवले, एक तिच्या खोलीत, एक माडीवर. दोनच तारा, समांतर जोडायच्या, त्यात काय कठीण? संध्याकाळी रिसीव्हर उचलला तर आत नुसती शांतता. बाहेरून फोन करणाऱ्याला मात्र लाइन सतत बिझी.

याचा अर्थ तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवा होता. दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या की एक्स्चेंजला वाटतं, रिसीव्हर उचलून ठेवलाय. म्हणजे दोष घरातच, आणि तोही मी त्या दिवशी केलेल्या कामात. पण मी तक्रार नोंदवून मोकळा झालो आणि तिसऱ्या दिवशी गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक माणूस दारात उभा राहिला. तो आमच्या तक्रारीवरूनच आलाय हे मी धरून चाललो. तक्रार क्रमांक विचारला असता तर तिथेच बिंग फुटलं असतं. आईने तर त्याला कोकम सरबत दिलं.

त्याने ओटीवरची पहिली डबी, म्हणजे बाहेरची तार घरात शिरते ती, उघडली, घरात जाणाऱ्या सगळ्या तारा सोडवल्या. म्हणाला, "बिलावर टाकायला नंबर सांगा जरा." मी सांगितला. मग माझ्याकडे पाठ करून खिशात हात घातला, काहीतरी चाचपलं, आणि इलेक्ट्रिशियनचा साधा टेस्टर डबीतल्या एका स्क्रूवर टेकवला. "या, बघा साहेब."

टेस्टरमधला दिवा पेटला. लुक-लुक. मग विझला. थोड्या वेळाने पुन्हा लुक-लुक.

"मेनचा करंट टेलिफोनच्या लाइनीत उतरलाय. भिंती ओल्या, चिऱ्याचं घर, पाऊस तोंडावर. म्हातारं माणूस रिसीव्हर उचलणार, बघा बुवा." आईचं नाव निघालं आणि मी संपलो.

मग यादी निघाली. करंट अडवणारी काळी डबी ३,८००. तांब्याची नवीन तार ६० मीटर, ३५ रुपयांनी २,१००. मजुरी १,५००. जुनी तार दोन्ही टोकांना कापून भिंतीवर तशीच सोडली, नवीन तिच्याशेजारून ओढली. दुपारी फोन सुरू. मी हात जोडून पैसे दिले. पावती कसली? वहीतलं फाडलेलं एक पान.

पहिली कुरकुर इंटरनेटची. फोन वाजला की नेट बंद. ते एक्स्चेंजचं काम, असं त्याने फोनवर सांगितलं. आता कळतं की एकाच तारेवर आवाज आणि ब्रॉडबँड असेल तर प्रत्येक फोनच्या आधी दोन्ही वेगळं ठेवणारा फिल्टर लागतो, नाहीतर लाइन घरात शिरते तिथेच एक स्प्लिटर. त्याने एकही लावला नव्हता. त्यानंतर त्याचा नंबर लागेना.

गणपतीच्या चार दिवस आधी फोन पुन्हा मेला. वाडीत एक अण्णा आहेत, आयुष्यभर खांबांवर चढून निवृत्त झालेले. त्यांनी आईच्या खोलीतला जॅक उघडला. स्क्रूखालची तार तुटून पडलेली, टोकाला तांबडी पूड. अण्णा काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "हे तांबं नव्हे. कोकमाच्या सोलांनी हंडे घासण्यात माझा जन्म गेला. तांब्याला हिरवं चढतं, तांबडं लोखंडाला." अण्णांनी फ्रिजच्या दारावरचं लोहचुंबक आणून तारेला लावलं. टचकन चिकटलं. वरून तांब्याचा मुलामा, आत लोखंड. खाऱ्या हवेला एक पावसाळा पुरला.

काळी डबी त्यांनी विळीवर धरून फोडली. दोन तारा आत येतात, त्याच दोन बाहेर जातात. मध्ये वजनासाठी सिमेंटचा गोळा.

"अहो, पण दिवा पेटला होता," मी म्हटलं. माझा तेवढा एकच आधार उरला होता.

अण्णांनी पहिल्या डबीत फक्त बाहेरची तार ठेवली. टेस्टर माझ्या हातात दिला, आणि शेवग्याखाली जाऊन मोबाइलवरून आमचाच नंबर लावला. स्क्रूवरचा दिवा पेटला. लुक-लुक. विझला. पुन्हा लुक-लुक.

"ठेका ओळखलास का रे? ट्रिंग-ट्रिंग, थांब, ट्रिंग-ट्रिंग. मेनचा करंट असता तर दिवा लागलेलाच राहिला असता. ही घंटी आहे." घंटी वाजवायला एक्स्चेंज त्याच तारेवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी करंट सोडतं, आणि एवढ्यावर टेस्टर पेटतो. ४८ वर सहसा पेटत नाही. म्हणून त्याला आमचा नंबर हवा होता, म्हणून खिशातल्या मोबाइलवर हात, आणि फोन सगळे सोडवून ठेवलेले, म्हणून घरात काही वाजलं नाही. माझी फसवणूक माझ्या डोळ्यांसमोर तालात चालली होती आणि मी तो ताल लहानपणापासून ऐकत आलोय! (उघड्या तारेला ओला हात लागलेला असताना घंटी आली तर झटका बसतो, तेवढं त्याचं खरं. काम करताना बाहेरची तार आधी सोडवावी.)

मूळचा दोष शोधायला अण्णांना दहा मिनिटं लागली. भिंतीवर सोडलेल्या माझ्या जुन्या तारेच्या एका टोकाला त्यांनी मल्टिमीटर लावला, दोन तारा कुठे चिकटल्या असतील तर तो वाजतो. दुसरं टोक मोकळं, तरी मीटर 'टूंऽऽ' करत राहिला. मग ते पक्कड घेऊन एकेक क्लिप उपसत निघाले. माजघराच्या चौकटीशी पोचले, एक खिळा ओढला, आणि मीटर गप्प. मी ठोकलेला खिळा क्लिपमधून निसटून तारेच्या बरोबर मधून गेला होता. दुरुस्तीचा खर्च: वीतभर तार कापून पुन्हा जोडणे.

अण्णांची रीत अशी. फोन मेला की पहिल्या डबीत घरातल्या तारा सोडवायच्या, एकच फोन थेट बाहेरच्या तारेला लावायचा. टोन आला तर बाहेरची लाइन ठीक, दोष घरात. मग एकेक फाटा जोडत जायचं, ज्याने टोन जाईल तो चोर. मल्टिमीटर असेल तर रिसीव्हर खाली असताना ४८-५० व्होल्ट दिसायला हवेत. उचलल्यावर आकडा दहाच्या आसपास किंवा खाली येतो, त्याला घाबरू नये. मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो, आणि लोहचुंबक तर घरात असतंच.

तो माणूस अजून आसपास फिरतोय, असं पलीकडच्या वाडीतून कळलं. तिथल्या एकांनी काळी डबी दोन घेतल्या, एक माडीसाठी.

आमच्याकडच्या डबीतला सिमेंटचा गोळा आईने ठेवून घेतलाय. रात्री मांजर दुधाच्या पातेल्यावरचं झाकण सरकवतं, त्यावर तो बरोबर बसतो.