कोकणात ५ गुंठ्यांत काय लावायचं, झेंडू की शेवंती?

घराशेजारी ५ गुंठे मोकळे आहेत, विहीर आहे, यंदा फुलं करून बघूया म्हणताय, तर हे वाचा. झेंडू (आमच्याकडे गोंडे) आणि शेवंती दोन्ही सूर्यफुलाच्याच कुळातली, पण आपल्या पावसात दोघांचा स्वभाव एकदम वेगळा. बाजारभाव नंतर बघा, आधी जागेवर पाणी साचतं का आणि मे महिन्यात विहिरीत किती उरतं ते बघा.

झेंडूचं गणित सोपं आहे. रोप तयार व्हायला २५-३० दिवस, लावल्यावर हायब्रीड असेल तर ५०-६० दिवसांत फूल, म्हणजे दसऱ्याला माल हवा तर जुलैच्या सुरुवातीला बी पडलं पाहिजे आणि जुलैत आपल्याकडे पाऊस कसा कोसळतो ते माहीतच आहे, म्हणून रोपं उंच गादीवाफ्यावर आणि वर प्लास्टिक टाकूनच करा. पुढे लावणी भाताच्या मळ्यात अजिबात नको, उताराची वरकस जमीन घ्या आणि वरंब्यावर लावा. दोन बाय दीड फुटावर लावलं तर गुंठ्याला साडेतीनशेच्या वर रोपं बसतात. तीन-चार आठवड्यांनी शेंडा खुडायचा, हळहळू नका, खुडल्याशिवाय फुटवे येत नाहीत.

गणपतीसाठी झेंडू करायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. मोठं आफ्रिकन फूल पावसाचं पाणी धरतं, जड होऊन मान टाकतं आणि आतून कुजतं, माझी अर्धी फुलं तशीच गेली, खूप वाईट वाटलं. गणपतीला हवाच असेल तर तो छोटा तांबडा-पिवळा मखमल लावा, फूल लहान असल्याने पावसात त्यातल्या त्यात टिकतो. मोठा नारंगी दसरा-दिवाळीलाच ठेवा, फक्त तेव्हा घाटावरून गाड्याच्या गाड्या उतरतात, त्यामुळे हारवाल्यांशी आणि देवळात आधीच बोलून ठेवा.

आता शेवंती. ही बियाण्याने नाही, जुन्या झाडाच्या बुडातल्या फुटव्यांपासून किंवा शेंड्याच्या काड्यांपासून करतात. नेहमीची लागवड एप्रिल-मे-जूनमध्ये, आणि आपली अडचण इथेच सुरू होते, कारण एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला आणि लगेच पुढे चार महिने ३००० मिमीच्या आसपास पाऊस, शेवंतीच्या मुळांना साचलेलं पाणी दोन दिवससुद्धा चालत नाही. शिवाय ती दिवस लहान आणि रात्र मोठी झाल्यावरच कळ्या धरते, त्यामुळे लवकर लावली म्हणून लवकर फुलत नाही. अंगणातला दिवा रात्रभर झाडांवर पडत असेल तर कळ्या लांबतात, हे लक्षात ठेवा.

पण तिचा फायदाही मोठा आहे. ती फुलते नोव्हेंबर-डिसेंबरात, पाऊस गेलेला असतो, मार्गशीर्षातले गुरुवार, दत्तजयंती, गावोगावच्या जत्रा, रोज कोणाला ना कोणाला फूल लागतंच, दसऱ्यासारखी एका दिवसाची घाई नाही. आणि दिसायला किती गोड!

ऊन दोघांनाही भरपूर लागतं, नारळी-पोफळीच्या सावलीत दोन्ही नुसती वाढतात आणि फुलं देत नाहीत. आंब्या-काजूची कलमं अजून लहान असतील तर मधल्या जागेत झेंडू छान येतो.

मला विचाराल तर पहिल्या वर्षी ४ गुंठे झेंडू करा, दसरा धरून. शेवंतीची ४०-५० रोपं कुंडीत किंवा पिशवीत पडवीच्या कडेला ठेवा, पागोळ्यांपासून लांब, पावसाचा जोर ओसरला की सप्टेंबरात उरलेल्या गुंठ्यात उतरवा. झाडं बुटकी राहतील, फुलं कमी येतील, पण जगतील. फुलं संपली की झाडं उपटू नका, बुडाशी छाटून ठेवा, पुढच्या वर्षीचे फुटवे तिथूनच मिळतात.