‘२१ दिवसांत स्वसंरक्षण’: जुळे सोलापुरातल्या एका वर्गात पैसे कसे गेले आणि काय शिकवलं गेलं

जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये मे महिन्यात महिला-मुलींसाठी स्वसंरक्षणाचं मोफत प्रात्यक्षिक झालं. प्रशिक्षकाने कोपराच्या एका घावात दहा कौलं फोडली, साथीदाराच्या हातातला चाकू डोळ्याचं पातं लवायच्या आत काढून घेतला आणि ‘हे सगळं २१ दिवसांत तुम्हालाही जमेल’ म्हणत ४९९ रुपयांचा फॉर्म पुढे केला. चाळीसेक जणींनी तिथल्या तिथे भरला. तीन आठवडे संपेपर्यंत प्रत्येकीचे ६,४९९ रुपये गेले होते. वर्ग घेणारा आता फोन उचलत नाही आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘फक्त ॲडमिन’ लिहू शकतात. त्याचं नाव इथे देत नाही. हीच रीत वेगवेगळ्या बॅनरखाली चालते, त्यामुळे रीत ओळखता येणं जास्त उपयोगाचं.

पैसे एकदम मागितले जात नाहीत. नोंदणी ४९९ झाली की चौथ्या दिवशी ड्रेसचे २,२००. मग ‘सेफ्टी किट’चे १,५००, विम्याचे ३००, यलो बेल्ट परीक्षेचे १,२०० आणि शेवटी ‘आंतरराष्ट्रीय’ प्रमाणपत्राचे ८००. मधेच सोडलं तर आधीचे वाया जातील या हिशेबाने माणूस पुढचे भरत जातो, आणि सगळी योजना याच हिशेबावर बेतलेली असते. पावती एकाही रकमेची नव्हती. पैसे एका वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर घेतले गेले.

ड्रेसचं तर हसू यावं. जे शहर देशभराच्या शाळांचे गणवेश शिवतं, तिथे साधा पॉलिकॉटनचा कराटे ड्रेस २,२०० ला विकला गेला. नवशिक्याला जाड, महाग ड्रेस लागतच नाही. दुप्पट विणीचं जाड कापड ज्युदोला लागतं, कारण तिथे कॉलर धरून फेकतात. त्याहून मुद्द्याची गोष्ट अशी की रोजच्या स्वसंरक्षणाच्या सरावाला कराटे ड्रेसच नको. सलवार-कमीज, जीन्स, ऑफिसची साडी, पायात चप्पल, खांद्यावर पर्स, यातच सराव झाला पाहिजे, कारण प्रसंग यातच येतो. ओढणी गळ्याशी आवळली जाते, साडीत पाय कमरेच्या वर उचलत नाही, चप्पल वाळूवर घसरते. पहिल्याच आठवड्यात जो ड्रेसची सक्ती करतो त्याला कराटेचा वर्ग चालवायचा आहे. कराटे चांगलंच आहे, पण मग पाटी तशी लावावी.

किटमध्ये बोटं उघडी असलेले पातळ हातमोजे, एक शिट्टी आणि पेपर स्प्रे होता. स्प्रेवरची वापराची मुदत बऱ्याच डब्यांवर उलटून गेलेली. मुदत गेली की आतला दाब उतरतो आणि फवारा दोन-तीन मीटर जायच्या ऐवजी हातावरच ओघळतो. बंद गाडीत किंवा वारा समोरून असताना तो आपल्याच डोळ्यांत येतो, हेही कुणी सांगितलं नव्हतं. स्प्रे घेतलाच तर एक डबा मोकळ्या जागेत वाऱ्याकडे पाठ करून मारून बघायचा, आणि दुसरा पर्सच्या तळाशी न टाकता पटकन हात जाईल अशा कप्प्यात ठेवायचा.

आता कागदांकडे. बॅनरवर ‘भारत सरकार नोंदणीकृत’ होतं. खोलात गेल्यावर निघालं ते लघुउद्योगांसाठी असलेलं उद्यम नोंदणी प्रमाणपत्र. ती नोंदणी ऑनलाइन, फुकट आणि स्वतःच्याच निवेदनावर होते. शिलाई मशीन घेऊन बसलेल्या कुणालाही मिळते. तिचा आणि कुणाला मारामारी शिकवता येते का याचा काडीचा संबंध नाही. ‘फेडरेशन’चंही तसंच. संस्था नोंदणी कायदा १८६० चा आहे आणि सात जण जमले की संस्था नोंदवता येते. तिच्या नावात ‘इंटरनॅशनल’ घातलं म्हणून परदेशात तिला कुणी ओळखत नाही. आयएसओ ९००१ हे कामकाजाच्या व्यवस्थेचं प्रमाणपत्र आहे, ठोशाचं नव्हे.

बेल्टबद्दल साधा हिशेब धरा. कराटेत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत बहुतेक शैलींत नऊ-दहा क्यू, म्हणजे पायऱ्या, असतात. खालच्या परीक्षांमध्ये किमान तीनेक महिन्यांचं आणि वरच्या परीक्षांमध्ये सहा महिन्यांचं अंतर ठेवतात, म्हणजे नियमित जाणाऱ्याला काळा पट्टा मिळायला तीन ते पाच वर्षं लागतात. २१ दिवसांत यलो आणि ‘फास्ट ट्रॅक’ने वर्षात ब्लॅक देणारा परीक्षा घेत नाही, पट्टे विकतो. तायक्वांदोचा असेल तर कुक्कीवॉनचा (तायक्वांदोचं कोरियातलं जागतिक मुख्यालय) दान, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पातळीचा, क्रमांक मागावा, तो त्यांच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. खरा दानधारक हा प्रश्न विचारल्यावर चिडत नाही.

या वर्गात दहावीच्या मुलींच्या आयांना ‘नॅशनल मेडल, ग्रेस मार्क पक्के’ असंही सांगितलं गेलं. त्यासाठी वेगळे पैसे, गाडीभाडं वेगळं. क्रीडागुण कुठल्याही मेडलवर मिळत नाहीत. ती स्पर्धा शासनाने मान्य केलेल्या खेळाची आणि मान्य संघटनेची किंवा शालेय क्रीडा स्पर्धा असावी लागते, आणि प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जातो. पैसे भरण्याआधी त्या कार्यालयात जाऊन स्पर्धेचं नाव दाखवायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.

पैशापेक्षा मोठा घात मात्र शिकवण्यात झाला. कौलांपासून बघू. मंगलोरी कौल दोन्ही टोकांना टेकवून मधे पोकळी ठेवली की वरून घाव बसताच खालच्या बाजूला ताण येतो, आणि भाजलेली माती ताणाला अगदी कच्ची असते. दोन कौलांमध्ये लाकडी पट्टी ठेवली की दहा कौलं एकदम फोडायची नसतात. पहिलं तुटून दुसऱ्यावर पडतं, दुसरं तिसऱ्यावर. पट्ट्या काढून दहाच्या दहा एकावर एक चिकटवून ठेवा आणि मग फोडायला सांगा. फळीचंही तसंच, ती रेषांच्या दिशेने फुटेल अशीच धरलेली असते. तंत्र म्हणून ठीक आहे, पण कौल हात धरत नाही आणि ओढतही नाही.

मनगट सोडवणं या वर्गात तीन दिवस शिकवलं, आणि चुकीचं. पकडीत चार बोटं एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला असतो. अंगठ्याचं टोक बोटांना जिथे भेटतं ती फट, तीच पकडीची कमजोर जागा. आपला हात असा वळवायचा की मनगटाची अरुंद कड त्या फटीसमोर येईल. मग हात मागे ओढायचा नाही. एक पाऊल त्याच्याकडे टाकत आपलं कोपर त्याच्या कोपराकडे ढकलायचं. आपल्या हाताची तरफ होते आणि मनगट फटीतून निसटतं. मागे ओढलं की जोराला जोर लागतो आणि जास्त ताकदवान तो जिंकतो. दोन्ही हातांनी धरलं असेल तर मोकळा हात त्याच्या हातांच्या मधून घालून आपलीच मूठ पकडायची आणि दोन्ही हात अंगाशी घेत वर खेचायचे.

ही माहिती फुकटातही मिळते. वर्गात जे मिळायला हवं होतं आणि मिळालं नाही ते म्हणजे विरोध. तिथे जोडीदारीण मनगट धरून पुतळ्यासारखी उभी राहायची आणि झटका दिला की सोडून द्यायची. खऱ्या प्रसंगात कुणी धरून उभं राहत नाही. धरतो आणि त्याच क्षणी गाडीकडे, बोळाकडे ओढत नेतो. म्हणून सराव असा हवा: धरणारीने पूर्ण ताकदीने धरायचं, तीन-चार पावलं ओढायचं, आणि पकड सुटलीच तर पुन्हा पकडायचं. अशा सरावात पहिल्या दिवशी बहुतेकींना जमत नाही. तेव्हा कळतं की आधी ओरडायला हवं होतं, पायांचा तोल हवा होता, आणि घट्ट बसलेल्या काचेच्या बांगड्या फुटून आपल्याच मनगटात घुसतात. न जमणं दिसलं तरच पुढे काही शिकता येतं. चाळीस जणींना पहिल्याच दिवशी जमलं, तर नुसती जोडीदारीण चांगली होती.

केसांचंही असंच. मागून वेणी धरली तर ‘बोटं मागे मुरगाळा’ असं शिकवलं. वेणीचा वेढा मुठीभोवती बसला की त्याची बोटं आपल्या हाताला लागतच नाहीत. दोन्ही हातांनी त्याची मूठ आपल्या डोक्याला घट्ट दाबायची, म्हणजे केस ओढले जात नाहीत आणि मान मोकळी राहते. गुडघे वाकवून वजन खाली घ्यायचं, त्याच्याकडे वळायचं आणि गुडघ्याने जांघेत किंवा टाचेने नडगीवर मारायचं.

सगळ्यात धोकादायक होतं ते चाकूचं प्रात्यक्षिक. साथीदार लांबून एक वार करायचा आणि हात हवेत तसाच ठेवायचा. ज्याला भोसकायचं असतं तो एका हाताने कपडा धरतो आणि दुसऱ्या हाताने जवळून, भराभर, हात मागे घेत वार करतो. याची परीक्षा घरी होते. एक टाकाऊ पांढरा शर्ट घाला, दुसऱ्याच्या हातात टोपण काढलेलं मार्कर द्या, त्याला म्हणा की दहा सेकंद खरोखर प्रयत्न कर, आणि शिकवलेली युक्ती करून बघा. मग शर्टावरच्या रेघा मोजा. वर्षानुवर्षं शिकवणारेही यातून कोरे सुटत नाहीत. म्हणूनच जाणकार प्रशिक्षक आधी सांगतो की पाकीट, मोबाइल, गळ्यातलं फेकून पळा. मधे पर्स, खुर्ची, रिक्षा, काहीही आणा. हात घालायचा तो फक्त पळायला वाटच नसेल तेव्हा. दुचाकीवरून साखळी ओढणाऱ्याशीही झोंबायचं नाही, माणूस फरफटत जातो.

हॉलचा तपशीलही बघण्यासारखा. खाली शहाबादी फरशी, वर एकही मॅट नाही. पाडायला शिकवायचं तर चाळीस मिलिमीटरचे तरी मॅट लागतात, नुसत्या ठोसा-लाथेला वीस चालतात. फरशीवर पडण्याचा सराव होऊच शकत नाही, म्हणून तो वगळला. आणि खऱ्या झटापटीत डोकं आपटणं हीच मोठी इजा असते. मारायचे पॅड दोन. तासातली वीस मिनिटं पॅडसाठी धरली तर चाळीस जणींत प्रत्येकीच्या वाट्याला एक मिनिट. उरलेला वेळ हवेत ठोसे. हवेत मूठ कितीही मारली तरी मनगट सरळ आहे का ते कळत नाही. पहिला ठोसा डोक्यावर बसला की करंगळीमागचं हाड मोडू शकतं. त्यापेक्षा तळव्याच्या टाचेने नाका-हनुवटीवर मारणं नवख्यांसाठी बरं, आणि तेही पॅडवर घाम गाळूनच बसतं.

कायद्याबद्दल वर्गात एकच वाक्य होतं: ‘डोळे फोडा, कायदा तुमच्या बाजूने आहे.’ भारतीय न्याय संहितेत खाजगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि तो भक्कम आहे. पण बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, हे कलम ३७ मध्येच लिहिलंय. जीव घेण्यापर्यंत तो हक्क कधी जातो ते कलम ३८ सांगतं. मृत्यूची किंवा जबर इजेची भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला ही त्यातली कारणं. सिद्धेश्वर यात्रेतल्या गड्ड्याच्या गर्दीत कुणी अंगचटीला आलं तर कोपर मारून मोठ्याने ओरडणं बसतं, पडलेल्याच्या डोक्यात लाथा घालणं बसत नाही.

पैसे भरायच्या आधी एक अख्खा तास नुसतं बसून बघू द्या म्हणावं. त्यात तीन गोष्टी शोधायच्या: जोडीदारीण खरोखर विरोध करते का, पॅड किती आणि मॅट आहेत का, आणि चूक झाली तर प्रशिक्षक काय करतो. बसू देत नसेल तर तिथून निघावं. एकूण खर्च ड्रेस-परीक्षेसकट एका कागदावर लिहून मागावा.

ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी आधी व्हॉट्सॲप ग्रुप सोडू नये. जाहिरात, ‘२१ दिवसांत’चं आश्वासन आणि पैशांच्या मागणीचे मेसेज तारखेसह स्क्रीनशॉट करून ठेवावेत, चॅट एक्सपोर्ट करावं, यूपीआयचे व्यवहार क्रमांक बँकेच्या विवरणातून काढावेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी आणि दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जावं. मुदत दोन वर्षांची आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. खोटं प्रमाणपत्र किंवा खोट्या स्पर्धेचे पैसे असतील तर पोलिसांकडे न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली वेगळी तक्रार होते. चौघी-पाचजणींनी एकाच दिवशी, एकसारखी कागदपत्रं जोडून तक्रार दिली तर ती ‘आपसात मिटवा’ म्हणून परत पाठवणं अवघड जातं.