व्हीए (म्हणजे व्हर्च्युअल असिस्टंट, लांबून ऑनलाइन ऑफिसची कामं करणारा मदतनीस) ठेवलाय त्याला आता बरेच महिने झाले, आणि 'फ्री रिप्लेसमेंट'बद्दल मला बोलायचंच आहे

आधी मी असिस्टंट एजन्सीकडून घेतलेली. एक दिवस एजन्सीचा मेल आला की तुमची असिस्टंट आता आमच्याकडे काम करत नाही, सोमवारपासून नवीन मुलगी जॉइन होतेय, रिप्लेसमेंटचा काही चार्ज नाही. बास, एवढंच. ना आधी कल्पना, ना हँडओव्हर. तेव्हा फिरलेलं डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून आज लिहायलाच बसले. व्हर्च्युअल असिस्टंट म्हणजे काय, कुठून घ्यायचा वगैरे सगळ्यांना माहीत असतं, त्यात शिरत नाही. माझ्याकडची कामं पण नेहमीचीच, मेलला उत्तरं, कोटेशन, बिलं, थकलेल्या पेमेंटचा तगादा, वेबसाइटवर प्रॉडक्ट चढवणं.

तर हे फ्री रिप्लेसमेंट. एजन्सीवाले बोलायला लागले की पहिलं हेच सांगतात, माणूस गेला तर लगेच दुसरा देऊ. अहो, माणूस द्याल, पण आधीच्या माणसाच्या डोक्यात जे साठलेलं असतं ते कुठून देणार? उदाहरण सांगते. माझा एक जुना ग्राहक आहे, त्यांच्या अकाउंट्सला मेलच्या सब्जेक्टमध्येच पीओ नंबर (त्यांच्या खरेदीच्या ऑर्डरचा नंबर) लागतो, पीडीएफमध्ये असून उपयोग नाही, सब्जेक्टमध्ये नसेल तर बिल त्यांच्या सिस्टीममध्ये चढतच नाही आणि ते अडकलंय हे कोणी कळवत पण नाही. आधीच्या मुलीला हे एक बिल लटकल्यावर कळलं, मग तिने कधी चुकवलं नाही. नव्या मुलीने बिल अगदी नीट बनवलं, पीओ नंबर जागच्या जागी, सब्जेक्टमध्ये मात्र नुसतं 'इनव्हॉइस'. गेलं ते बिल पुढच्या महिन्यावर. तिला मी काय बोलणार, तिला सांगणारंच कोणी नव्हतं.

आणि वर कहर म्हणजे ती नवीन मुलगी काम शिकत होती ते सगळे तास माझ्याच बिलात. मग रिप्लेसमेंट फ्री कसली? मी एक पैसा पण हिशोबाशिवाय सोडत नाही, लांबलचक मेलामेली झाली, शेवटी त्यांनी शिकण्याच्या तासांपैकी अर्धे वजा केले. अर्धेच. तेव्हाच ठरवलं की एजन्सी बास, आता थेट फ्रीलान्सर घ्यायचा.

तो अपवर्कवरून घेतला, फ्रीलान्सर मिळवून देणारी वेबसाइट आहे ती. तिथे तासावर काम असेल तर टायमर असतो, दर १० मिनिटांच्या टप्प्यात केव्हातरी एक स्क्रीनशॉट निघतो, आणि किती की दाबल्या, किती क्लिक झाले ते पण दिसतं. सुरुवातीला मला हे फारच आवडलं, पैशाचा हिशोब समोर दिसतोय म्हटलं, रोज उघडून बघायचे. आता माझं मत पूर्ण बदललंय. ज्या दिवशी त्याने सप्लायरला फोन करकरून अडकलेला माल सोडवला त्या दिवशी क्लिक जवळजवळ नाहीतच, आणि नुसती शीट वरखाली करत बसलं तरी आकडा मस्त दिसतो. आता मी फक्त संध्याकाळी काय हातावेगळं झालं ते बघते. एक मात्र लक्षात ठेवा, तिथे ओळख झालेल्या माणसाला २ वर्षं तिथूनच पैसे द्यावे लागतात, बाहेरून द्यायचे तर वेगळी फी भरायची. मी आधी हिशोब घातला आणि आतच राहिले, तेच स्वस्त पडतं.

ॲक्सेसचं थोडक्यात सांगते. जीमेलचा पासवर्ड कोणालाच देऊ नका, सेटिंगमध्ये डेलिगेट जोडायची सोय आहे, समोरचा मेल वाचू शकतो, पाठवू शकतो, डिलीट पण करू शकतो, पण पासवर्ड बदलू शकत नाही. आमंत्रण आठवड्याभरात स्वीकारलं नाही तर रद्द होतं. व्हॉट्सॲपला ४ लिंक्ड डिव्हाइस जोडता येतात हे खरं, पण मग घरचे चॅट पण सगळे त्याला दिसतात, त्यामुळे धंद्याचा नंबर वेगळाच हवा.

आता ज्याने माझा सगळ्यात जास्त घोळ झाला ते. गूगल ड्राइव्हवर तुमच्या फोल्डरमध्ये जरी असिस्टंटने फाइल बनवली तरी तिचा मालक तोच असतो. आमची रेट लिस्ट एजन्सीच्या मुलीने तिच्या एजन्सीच्या अकाउंटवरून बनवलेली, ते अकाउंट बंद झालं आणि शीट गायब! जुन्या मेलमधली कोटेशनं उकरून परत रेट जमवायला लागले, ती शिक्षा कोणाला नको. म्हणून आता प्रत्येक फाइल मी माझ्या अकाउंटवरून बनवते आणि त्याला फक्त एडिट ॲक्सेस देते.

त्यातलीच एक फाइल म्हणजे 'नवीन कळलेलं'. रोज शेवटची १५ मिनिटं, पैसे मोजून, त्याने त्या दिवशी जे नवीन कळलं ते तिथे लिहायचं. कोणाला सब्जेक्टमध्ये काय लागतं, कोणाला फोन चालतो, कोण मेलच बघत नाही. मी लिहून दिलेल्या सूचनांपेक्षा त्याने लिहिलेलं शंभरपट कामाचं आहे, कारण मला ज्या गोष्टी सांगण्यासारख्या वाटतच नाहीत त्याच नेमक्या तो लिहितो. मागे तो आजारी पडला तेव्हा मीच बिलं पाठवायला बसले, आणि एका ग्राहकाचा बिलाचा मेल आयडी बदललाय हे मला त्या फाइलमधूनच कळलं!

तेव्हा एजन्सीच घेणार असाल तर सही करायच्या आधी करारात लिहून घ्या, माणूस बदलला तर जुना आणि नवा निदान आठवडाभर एकत्र काम करतील आणि नव्याचे शिकायचे तास एजन्सीच्या खात्यात. हे लिहून द्यायला जे नाही म्हणतील त्यांच्याकडे सरळ पाठ फिरवा. माझा एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही, माझा फ्रीलान्सर लांब सुट्टीवर गेला की त्या दिवसांपुरता बदली माणूस कुठून आणायचा? कोणी अशी सोय केली असेल तर नक्की सांगा.