दुखऱ्या बोटासाठी सतार बदलून घेताना : मिरजेतील एका दुरुस्तीच्या दुकानाचा अनुभव

आकाशवाणीच्या स्वरचाचणीला (ऑडिशनला) २४ दिवस उरलेले असताना विळीवर लाल भोपळा चिरताना माझ्या डाव्या हाताची तर्जनी कापली. भोपळ्यापासून घडणाऱ्या सतारीच्या वादकाचा घात भोपळ्यानेच करावा यावर घरात पुरेसे विनोद करून झाले आहेत, त्यामुळे तो विषय इथेच सोडते. जखम बोटाच्या टोकाच्या मांसल भागावर होती आणि नेमकी तिथेच, जिथे वर्षानुवर्षे तार दाबून घट्टा पडलेला असतो. तीन टाके पडले. शिरा आणि हाड सुरक्षित असल्याचे डॉक्टरांनी सांगितले, टाके अकराव्या दिवशी काढले आणि त्यानंतर दुखेपर्यंत ताणायचे नाही, या अटीवर थोडे थोडे वाजवण्याची परवानगी दिली. म्हणजे तयारीसाठी माझ्या हाती तेरा दिवस आणि नव्या, गुलाबी, नाजूक कातडीचे एक बोट उरले.

सतारीत डाव्या हाताच्या तर्जनी आणि मध्यमा या दोनच बोटांवर जवळजवळ सारा भार असतो. तार दांडीवर बांधलेल्या धातूच्या पडद्यावर नुसती दाबायची नसते, ती दाबलेल्या अवस्थेतच आडवी खेचून मींड काढायची असते, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जायचे असते, आणि पडद्यांवरून वर-खाली जाताना बोट तारेवर सतत घासत राहते. त्यामुळे गिटार किंवा व्हायोलिन वाजवणाऱ्यांना सुचवले जाणारे उपाय इथे फारसे लागू पडत नाहीत. औषधाच्या दुकानातून आणलेली रबरी टोपी बोटावर चढवली तर ती तारेला चिकटून बसते आणि मींडेच्या मधोमध बोटासकट गोल फिरते. कापडी पट्टी गुंडाळली तर स्वर बोथट येतो. तुरंत चिकटणारा गोंद जखमेवर लावून वाजवणारे लोक मला ठाऊक आहेत, पण डॉक्टरांनी त्याला स्पष्ट नकार दिला होता. बोट बदलता येत नव्हते, तेव्हा वाद्यच बोटाला सोसेल असे करून घ्यावे या विचाराने मी पुण्याहून रेल्वेने सतार घेऊन मिरज गाठले.

मिरजेविषयी वेगळे सांगण्याची खरे तर गरज नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे तंबोरे आणि सतारी घडत आल्या आहेत, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या धंद्याचे मूळ पुरुष मानले जाणारे फरीदसाहेब हे शिकलगार, म्हणजे शस्त्रे घडवणाऱ्या आणि त्यांना धार लावणाऱ्या समाजातले होते. पात्याने कापलेले बोट घेऊन शिकलगारांच्या वंशजांकडे जावे लागणे यात काही न्याय असावा. सतारमेकर गल्लीतल्या ज्या दुकानात मी गेले त्याचे नाव इथे देत नाही, कारण दुकानदार आणि त्यांचा मुलगा अशी दोनच माणसे तिथे काम करतात आणि नाव छापू नका असे त्यांनी स्वतःच सांगितले. शिवाय पुढे काही तक्रारीही लिहायच्या आहेत.

मी सतारीची खोळ उघडायला लागले तसे दुकानदार, ज्यांना मी चाचा म्हणते, म्हणाले, “ताई, सतार राहू द्या. आधी बोट दाखवा.” त्यांनी बोट उजेडात धरून पाहिले, मला हवेतच मींड खेचल्याचा अभिनय करायला लावला आणि कातडी नेमकी कुठे ओढली जाते ते विचारले. वाद्य दुरुस्त करणाऱ्याने वादकाच्या हाताकडे पाहावे ही गोष्ट वाटते तितकी सामान्य नाही. याआधी जिथे जिथे मी सतार नेली तिथे तिथे जवारी (घोडीचा माथा घासून तारेच्या आवाजाला आणलेला झंकार) खुली हवी की बंद, याच्या पलीकडे प्रश्न गेला नव्हता.

पहिले काम त्यांनी पडद्यांचे काढले, आणि मला सर्वाधिक दिलासा त्यानेच दिला. बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची, तार वर्षानुवर्षे एकाच जागी दाबली आणि खेचली गेल्यामुळे पडद्यावर बारीक खाचा पडतात. निरोगी बोटाला त्या जाणवत नाहीत, कारण घट्टा आणि सवय मिळून तो अडथळा पार करतात. परंतु मींड खेचताना तार आधी खाचेत अडते, मग एकदम सुटते, आणि त्या सुटण्याच्या क्षणी बोटाच्या टोकाला बारीकसा झटका बसतो. नव्या कातडीला तोच झटका सुईसारखा टोचत होता. मला वाटत होते की त्रास तारेच्या ताणाचा आहे. चाचांनी नखाने एकेक पडदा चाचपून मध्य सप्तकातल्या गंधार, मध्यम आणि पंचमाच्या पडद्यांवरच्या खाचा दाखवल्या, ते पडदे सोडवून कानस आणि बारीक पॉलिश कागदाने गुळगुळीत केले, पुन्हा दोऱ्याने बांधले आणि सुरात सरकवून दिले. संपूर्ण संच बदलण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही. धरला असता तर मी त्या अवस्थेत तोही मान्य केला असता, हे इथे नोंदवले पाहिजे.

दुसरा बदल तारेचा. माझ्या सतारीवर बाजाची तार ०.३२ मिलिमीटर जाडीची होती, ती त्यांनी ०.३० ची केली. दोन शतांश मिलिमीटर ऐकायला नगण्य वाटतात, परंतु तारेवरचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे सूर आणि लांबी तीच ठेवली तरी ताण सुमारे १२ टक्क्यांनी घटतो. तिसरा बदल घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीचा. तारेची पडद्यांपासूनची उंची कमी केली की दाबायला कमी जोर लागतो, पण त्यासाठी माझी जुनी घोडी घासायला त्यांनी नकार दिला. “घासलेलं परत येत नाही,” एवढेच ते म्हणाले. तयार घोड्यांतली एक थोडी बुटकी घोडी काढून त्यांनी तिच्यावर नव्याने जवारी काढली, वरच्या पडद्यांपाशी तार अंदाजे दीड मिलिमीटर खाली आणली आणि जुनी घोडी कागदात गुंडाळून, वर माझे नाव लिहून माझ्या हातात दिली. दुखापत तात्पुरती आहे, म्हणून बदलही परत फिरवता येण्याजोगे हवेत, हा विचार मला सुचला नव्हता.

पाश्चात्त्य संगीताची आवड असणाऱ्यांना यावरून ‘ब्लॅक सबाथ’ या रॉक बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याची आठवण होईल. बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा वादक असल्यामुळे नेमका तार दाबणारा हात जायबंदी झाला. त्याने घरीच बोटांसाठी टोप्या बनवल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे गिटारचा सूरही खाली उतरवला. चाचांनी हे नाव ऐकलेले नव्हते, पण मी हकिगत सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो सूर किती उतरवला, हा.

त्या प्रश्नामागे कारण होते. मी काळी एकमध्ये (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) वाजवते, आणि तार बारीक केली आहेच तर सूरही अर्ध्या स्वराने उतरवून पांढरी एकला आणावा, असा माझा बेत होता. अर्धा स्वर उतरवला की ताण आणखी सुमारे ११ टक्के घटतो. दोन्ही बदल मिळून ताण जवळजवळ २२ टक्क्यांनी कमी झाला असता, म्हणजे माझ्या सतारीच्या लांबीचा हिशेब धरता पावणेसात किलोवरून सव्वापाच किलोच्या आसपास आला असता. चाचांनी हे करू नका असे बजावले होते. मी घरी येऊन केलेच. तरफांसकट, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या तारांसकट, सगळी सतार उतरवण्यात एक सकाळ गेली. बोटाला आराम पडला हे खरे, पण ढिल्या तारेवर तेवढीच खेच दिली तरी सूर जास्त चढतो, आणि अनेक वर्षे मुरलेली मींडेची अंतरे जिथे तिथे किंचित चढी लागू लागली. पंचमाकडे जाणारी प्रत्येक मींड धैवताकडे डोकावत होती. तार नुसती बारीक केल्याने हे होत नाही, कारण त्यात जोर कमी लागतो पण खेचण्याचे अंतर तेच राहते. सूर उतरवल्याने मात्र अंतरच बदलते. तेरा दिवसांत हाताला नवे अंतर शिकवणे शक्य नव्हते. तिसऱ्या दिवशी मी सतार पुन्हा काळी एकला चढवली आणि दुकानात फोन करून तसे कबूलही केले.

आता जे बिघडले त्याविषयी. बारीक तार आणि बुटकी घोडी यांमुळे आवाजातला भरीवपणा निश्चित घटला. आलापात स्वर पूर्वीइतका वेळ टिकत नाही, आणि झाल्यात, म्हणजे शेवटच्या द्रुत भागात, नखीचा (उजव्या तर्जनीवरच्या तारेच्या अंगठीचा) आघात जोरात पडला की तार वरच्या पडद्यांना लागून खरखरते. त्यामुळे उजव्या हाताला मुद्दाम आवर घालावा लागला, आणि एका हाताची सोय करताना दुसऱ्या हातावर आलेल्या या बंधनाची कल्पना दुकानात कोणी दिली नव्हती. नवी जवारी मला जरा जास्तच बंद वाटली. तीही त्यांनी पुन्हा काढून दिली असती, पण मिरजेची दुसरी फेरी तेव्हा परवडणारी नव्हती.

व्यवहाराच्या बाबतीत दुकानाला मी पैकीच्या पैकी गुण देणार नाही. दुपारपर्यंत होईल असे सांगितलेले काम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हातात आले, आणि मला एक रात्र लॉजमध्ये काढावी लागली. पडदे, घोडी, जवारी आणि तारा मिळून २४५० रुपये झाले, जे वाजवी आहेत, पण लेखी पावती मागूनही मिळाली नाही. सोबत दिलेल्या तीन जादा तारांपैकी एक घरी मोजून पाहिली तर ०.२८ ची निघाली. वेटोळ्यांवर जाडी लिहिलेली नसते, म्हणून ऐन कार्यक्रमापूर्वी तार बदलण्याची वेळ येऊ शकणाऱ्यांनी दुकानातच मोजमाप करून घ्यावे. फोनवर हे सांगितल्यावर चाचांनी नवे वेटोळे टपालाने पाठवले, आणि तेही स्वखर्चाने.

ऑडिशनसाठी मी रागांच्या यादीतून दरबारी कानडा वगळला होता. त्यातला खालच्या सप्तकातला आंदोलित गंधार म्हणजे सावकाश आणि पुन्हा पुन्हा खेचायची तार, आणि बोटाला तेवढी उसंत नव्हती. यमन वाजवायला सांगितला गेला. संथ लयीतल्या मसीतखानी गतीचा विस्तार मी पाच स्वरांच्या लांब मींडा टाळून केला, दोन-तीन स्वरांच्या मींडांवर भागवले आणि तर्जनीची पुष्कळशी कामे मध्यमेकडे सोपवली. आकाशवाणीची श्रेणी देण्याची पद्धत १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेल्या बा. वि. केसकरांच्या काळात आकाराला आली, आणि परीक्षकांनी वादकाला न पाहता केवळ ऐकून निर्णय द्यावा हे तिचे तत्त्व. त्याचा अर्थ असा की बोटावरची जखम कोणालाही दिसत नाही आणि तिच्याबद्दल सहानुभूतीचा अर्धा गुणही मिळत नाही. ते योग्यच आहे. मात्र त्यामुळेच आवाजातली घट मला बोटाच्या दुखण्याहून अधिक सलत होती. वादनात खेचताना बोट अडले असे एकदाही झाले नाही, झाल्यात खरखर मात्र दोनदा झाली आणि ती ध्वनिमुद्रणात नक्की उतरली असणार. निकाल अद्याप आलेला नाही.

बोटाला दुखापत झालेल्या सतारवादकाला मी या दुकानात, किंवा त्या गल्लीत इतके लक्ष देऊन पाहणाऱ्या कोणत्याही दुकानात, जायला जरूर सांगेन, पण टाके असताना नव्हे आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीही नव्हे. बदललेल्या वाद्याशी हाताची ओळख व्हायला निदान आठवडा तरी हवा. दुखापत उजव्या तर्जनीला, म्हणजे नखीच्या बोटाला असेल, तर यातले काहीच उपयोगाचे नाही.

ऑडिशननंतर तीन आठवड्यांनी जुनी घोडी आणि ०.३२ ची तार पूर्ववत बसवून घ्यावी म्हणून मी पुन्हा मिरजेला गेले. चाचांनी याही वेळी खोळ उघडू दिली नाही. अंगठ्याने बोटाचे टोक दाबून पाहिले, घट्टा अजून कच्चा आहे, पंधरा दिवसांनी या, असे सांगितले आणि मुलाला चहा सांगायला पाठवले. जवारी तेवढी थोडी खुली करून घेतली, त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, आणि कागदात गुंडाळलेली घोडी घेऊन मी संध्याकाळच्या गाडीने परत आले.