भाड्याच्या घरातला हटवादी वास: व्हिनेगर, सोडा, ब्लीच की आणखी काही?

फ्लॅट दाखवायच्या दिवशी एजंट खिडक्या सताड उघडतो आणि फरशीवर फिनेल मारून ठेवतो. खरा वास कळतो तो किल्ली हातात आल्यावर, दारं दोन दिवस बंद राहिली की.

म्हणून फिनेल या स्पर्धेतून आधीच बाद. ते जंतू मारतं, पण जुन्या वासावर नुसता नवा वास चढवतं. घरात मांजर असेल तर काळं फिनेल नकोच. त्यातले फिनॉल मांजराच्या शरीराला पचत नाहीत.

बाटली विकत घेण्याआधी बाथरूमच्या आणि मोरीच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीखालच्या पाणी साठणाऱ्या वाटीत, तांब्याभर पाणी ओता. घर बरेच दिवस बंद असलं की ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि गटाराची हवा थेट आत येते. वास तेवढ्यानेच गेला, तर पुढचं वाचायची गरज नाही.

स्वयंपाकघरातला मासळीचा वास हा व्हिनेगरचा प्रांत. हा वास अमाइन गटातल्या अल्कधर्मी द्रव्यांचा असतो. आम्लाशी गाठ पडली की त्यांचे क्षार बनतात आणि ते हवेत उडत नाहीत. बांगडा साफ केल्यावर हाताला लिंबू चोळतो ते याचसाठी. व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून टाइल्स, ग्रॅनाइटचा ओटा, ट्रॉल्या पुसून काढा. मात्र जुन्या घरात ओटा कडप्प्याचा किंवा फरशी शहाबादी असेल तर थांबा. हे चुनखडीचे दगड, संगमरवरही त्याच जातीचा. आम्ल त्यांना खातं. वास जाईल, पण पडलेल्या डागापायी डिपॉझिट कापलं जाईल.

खायचा सोडा उलट बाजूचा, आंबट वासांसाठी. फ्रिजमध्ये नासलेलं दूध, गादीत मुरलेला घाम. कोरडाच भुरभुरवून रात्रभर ठेवायचा, सकाळी झाडून काढायचा. काम सावकाश करतो, पण सहसा काही बिघडवत नाही. चिमणीच्या जाळीवर आणि शेगडीमागच्या टाइल्सवर साचलेल्या खवट तेलकट थराला मात्र तो पुरत नाही. तिथे धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून, हातमोजे चढवून. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर तोही नको, काळी पडेल.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र ओतण्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. फेस छान येतो. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात, आणि हातात उरतं जवळजवळ खारट पाणी.

ब्लीच मी फक्त टाइल्सच्या सांध्यातल्या काळ्या बुरशीसाठी ठेवेन. ते व्हिनेगरमध्ये किंवा टॉयलेट क्लीनरमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. मुताच्या डागावर ओतलं तर त्यातल्या अमोनियाशी मिळून क्लोरामाइन तयार होतात. खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये हे दोन्ही जिवावर बेतू शकतं.

आधीच्या भाडेकरूच्या मांजराने सोफ्यावर हक्क सांगितला असेल, तर वरचं काहीच धड पुरत नाही. मुतातल्या युरिक ॲसिडचे स्फटिक पाण्यात जवळपास विरघळत नाहीत. हवा दमट झाली की पुन्हा घमघमतात. म्हणून मे महिन्यात गेलेला वास जूनमध्ये परत येतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानातला एन्झाइम क्लीनर, म्हणजे हे स्फटिक तोडणारं द्रावण, महाग वाटतो, पण इथे पैसे त्यावरच घालवा. डाग आधी साध्या पाण्याने टिपून घ्या, मग क्लीनर आतपर्यंत मुरेल इतका ओता आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ओला राहू द्या. घाईने पुसलात तर पैसे पाण्यात.

पावसाळी कुबट वासाला बाटलीच नाही. भिंतीला ओल असेल तर गळती शोधावी लागते, आणि ते काम मालकाचं. कपाटात डांबरगोळ्या टाकून ओल लपते, जात नाही.

सगळ्यात चिवट सिगारेट. खोलीत व्हिनेगरची वाटी ठेवून काही होत नाही, कारण वास हवेत नसतो, भिंतीवर बसलेल्या चिकट पिवळट थरात असतो. ऑइल पेंट असेल तर डिटर्जंटच्या पाण्याने धुता येतो. साध्या डिस्टेंपरवर फडकं मारलं की रंगच हातात येतो. मग डाग अडवणारा प्रायमर आणि त्यावर नवा रंग, एवढाच मार्ग. रंगाचा खर्च कोणाचा, हे ११ महिन्यांच्या करारावर सही करायच्या आधी मालकाशी बोलून त्यातच लिहून घ्या. पडदे आणि गाद्या आधीच्या भाडेकरूच्या असतील तर त्या काढून न्यायलाही सांगा.