शेवी ३५० वर मेकॅनिकल फ्युएल पंप: एका पूर्ण सीझनच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगतो. एडलब्रॉक कंपनीचा तासाला ११० गॅलनवाला मेकॅनिकल, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यावर चालणारा, फ्युएल पंप मी एप्रिलमध्ये बसवला, ऑक्टोबरअखेर गाडी झाकून ठेवेपर्यंत वापरला आणि पुढच्या सीझनलाही तोच राहणार आहे. पण गाडी सुधारली त्याचं सगळं श्रेय पंपाला देता येणार नाही. अर्धं काम एका झिजलेल्या लोखंडी रॉडने आणि टाकीजवळच्या वीतभर रबरी होजने अडवून ठेवलं होतं. नवीन पंप घ्यायच्या विचारात असाल तर म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

गाडी १९६९ ची शेवरोले (शेवी) कॅमारो, इंजिन ३५० क्युबिक इंचांचं स्मॉल ब्लॉक. ही इंजिनं शेवरोलेने १९५५ साली २६५ क्युबिक इंचांपासून सुरू केली आणि ३५० चं माप पहिल्यांदा १९६७ च्या कॅमारोत आलं. माझं इंजिन आधीच्या मालकाने उघडून बांधलेलं आहे: जरा गरम (जास्त ताकदीचा) कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट, हेडर्स (मोकळ्या एक्झॉस्ट नळ्या) आणि वर एडलब्रॉकचा चार बॅरलचा कार्ब्युरेटर. ताकद साडेतीनशे हॉर्सपॉवरच्या आसपास धरून चालतो. राहायला मिशिगनमध्ये, त्यामुळे गाडी बर्फ आणि रस्त्यावरचं मीठ गेल्यावरच बाहेर निघते.

तक्रारी दोन होत्या आणि त्या एकमेकींच्या उलट वाटायच्या. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी चालू करायला जावं तर कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो झालेला, पेट्रोलचा वास, प्लग काळे. आणि हायवेवर चढताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की चार हजार आरपीएमच्या पुढे इंजिन दम सोडायचं, जणू पेट्रोल संपलंय. एकीकडे पेट्रोल जास्त, दुसरीकडे कमी.

पंप आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये टी लावून गेज जोडलं तेव्हा पहिली गोष्ट उलगडली. गाडीसोबत आलेला जुना, बिननावाचा पंप आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) आठ पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) वर दाब देत होता. माझ्या कार्ब्युरेटरला साडेसहाच्या वर दाब नको, असं तो बनवणारेच सांगतात. त्याहून जास्त दाब आला की फ्लोटची सुई आपल्या सीटवर नीट बसत नाही आणि पेट्रोल आत शिरत राहतं.

मग वेग वाढल्यावर उपासमार का? इथे पंपाचं आतलं काम समजून घ्यावं लागतं. कॅमशाफ्टच्या पुढच्या टोकाला एक एक्सेंट्रिक, म्हणजे मध्य सोडून बसवलेली चकती, असतो. तो एका उभ्या रॉडला खाली ढकलतो, रॉड पंपाची दांडी हलवतो आणि दांडी डायफ्रॅम खेचते. या खेचण्याने टाकीकडून पेट्रोल ओढलं जातं. पुढे कार्ब्युरेटरकडे ते ढकलण्याचं काम दांडी करत नाही, डायफ्रॅमखालची स्प्रिंग करते. म्हणजे दाब ठरतो स्प्रिंगच्या ताकदीवर, इंजिन किती फिरतंय त्यावर नाही. कार्ब्युरेटर भरला, सुई बंद झाली की डायफ्रॅम तिथेच थांबतो आणि दांडी नुसती हलत राहते. प्रवाह मात्र ठरतो डायफ्रॅम प्रत्येक वेळी किती अंतर हलतो आणि मागून पेट्रोल किती सहज येतं यावर. कडक स्प्रिंग आणि तोकडा स्ट्रोक असलेला पंप गेजवर दणदणीत दाब दाखवेल आणि तरी पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाला उपाशी ठेवेल. माझ्याकडे नेमकं हेच चाललं होतं.

आता आकड्यांबद्दल. कॅटलॉगमध्ये ८०, ११०, १३० गॅलन प्रतितास असे पंप दिसतात आणि मोठा घेण्याचा मोह होतो. हिशेब करून बघा. पूर्ण थ्रॉटलवर साधारण एका हॉर्सपॉवरला तासाला अर्धा पौंड पेट्रोल लागतं. साडेतीनशेला झाले १७५ पौंड. एक गॅलन पेट्रोल सुमारे सहा पौंडांचं, म्हणजे गरज तासाला तीस गॅलनच्या आत-बाहेर. मग ११० कशाला? कारण तो आकडा पुढे काहीच अडथळा नसताना, मोकळ्या नळीतून मोजलेला असतो. दाब धरून, फिल्टरमधून, टाकीपासून इतक्या लांबच्या पाइपातून ओढताना त्यातला बराच भाग गळून पडतो. तरीही साडेतीनशे हॉर्सपॉवरला ११० भरपूर झाला. १३० वगैरे पंपांचा दाब बहुधा जास्त असतो आणि मग दाब कमी करणारा रेग्युलेटर लावावा लागतो: आणखी चार जोड, आणखी गळतीच्या चार जागा. मी ११० निवडला त्याचं मुख्य कारण हेच की त्याचा दाब सहा पीएसआयच्या आसपास बांधलेला आहे आणि रेग्युलेटर लागत नाही. रस्त्यावरच्या गाडीसाठी पंप निवडताना आधी दाब बघावा, गॅलन नंतर.

सगळं एकदम बदललं असतं तर कशाने काय झालं हे कधीच कळलं नसतं, म्हणून मी टप्प्याटप्प्याने गेलो आणि दर वेळी प्रवाह मोजला. जुन्या मॅन्युअलांमधली कसोटी सोपी आहे: कार्ब्युरेटरकडची नळी सोडून लांब होजने दूर ठेवलेल्या डब्यात घालायची, इंजिन कार्ब्युरेटरच्या बाउलमध्ये (पेट्रोलच्या वाटीत) उरलेल्या पेट्रोलवर आयडलला चालवायचं आणि अर्ध्या मिनिटात एक पाइंट, म्हणजे पावणेपाचशे मिली, येतं का ते बघायचं. हे फक्त थंड इंजिनावर, उघड्यावर, अग्निशामक हाताशी ठेवून आणि दुसरा माणूस सोबत असतानाच करा. हेडर्स गरम असताना अजिबात नको.

जुन्या अवस्थेत एक पाइंट भरायला पाऊण मिनिटाहून जास्त लागलं. आधी टाकीजवळचा रबरी होज बदलला. बाहेरून धड दिसत होता, कापल्यावर आतला थर सुटून नळी निम्मी बंद झालेली निघाली. इथलं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. शिवाय पंपाच्या मागची बाजू ओढीखाली असते, त्यामुळे तिथे चीर असेल तर पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. डाग नाही, वास नाही, म्हणून कोणी तिकडे बघतच नाही. नवा होज इंजेक्शनच्या दर्जाचा, ३०आर९ छापलेला घेतला. प्रवाह लगेच वाढला, पण कसोटीला उतरेना.

मग रॉड काढला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. स्मॉल ब्लॉकचा हा रॉड नवा असताना पावणेसहा इंच, म्हणजे १४६ मिलिमीटर लांब असतो. व्हर्नियर लावला तर माझा मिलिमीटरहून जास्त झिजलेला, एक टोक बशीसारखं खोलगट. रॉड जितका झिजतो तितका पंपाचा स्ट्रोक बुडतो. कोणी तीन पंप बदलले तरी हा दोष जाणार नाही, कारण पंपासोबत रॉड येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. नवा, कडक केलेला आणि वजनाला हलका रॉड घेतला. जास्त आरपीएमला जड रॉड एक्सेंट्रिकला सोडून उडायला बघतो, म्हणून हलका बरा. तुमचा कॅम स्टीलचा रोलर असेल तर साधा स्टीलचा रॉड घालू नका. स्टीलवर स्टील घासून एक्सेंट्रिक खराब होतो, तिथे कांस्याच्या टोकाचा रॉड लागतो. माझा कॅम बिडाचा, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

रॉड बदलल्यावर जुन्याच पंपाने अर्ध्या मिनिटात पाइंट भरला. हायवेवरचं दम सोडणं जवळजवळ गेलं. दाब मात्र तसाच आठच्या वर, आणि गरम इंजिनावरचं फ्लडिंग, म्हणजे कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होणं, तसंच. त्यावर उपाय नव्या पंपाचाच होता.

फिटिंगबद्दल दोन-तीन गोष्टी. पंप ब्लॉकच्या उजव्या बाजूला, पुढे, खालच्या अंगाला असतो आणि हेडर्स असतील तर हात जेमतेम जातो. पंप लावताना रॉड सारखा खाली घसरतो आणि दांडी त्याच्याखाली जात नाही. ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर, उजवीकडे, एक ३/८ इंची बोल्ट थेट रॉडच्या भोकात उघडतो. इंजिन हाताने फिरवून रॉड पूर्ण वर जाऊ द्या, तो आखूड बोल्ट काढून तिथे लांब बोल्ट फक्त बोटांनी घट्ट करा, रॉड वरच अडकून राहतो. पंप बसल्यावर लांब बोल्ट काढून मूळ आखूड बोल्ट सीलंट लावून परत घाला. लांब बोल्ट आत राहिला आणि इंजिन फिरवलं तर रॉड, पंप, कदाचित कॅमही जाईल. रॉडच्या टोकांना असेंब्ली ल्यूब लावा. पंपामागच्या पातळ प्लेटचं गॅस्केट आणि पंपाचं गॅस्केट दोन्ही नवी घाला, नाहीतर तेल झिरपत राहतं. आट्यांवर टेफ्लॉन टेप वापरू नका. तिचा एक धागा सुईखाली अडकला की पुन्हा फ्लडिंग. पेट्रोलला टिकणारं द्रव सीलंट पुरतं. या पंपाचा खालचा भाग फिरवून नळ्यांची तोंडं हवी तिकडे वळवता येतात, हेडर्सपासून लांब ठेवायला ते फार उपयोगी पडलं. काचेचा फिल्टर इंजिनाजवळ लावू नये, हे माझं ठाम मत आहे. धातूचा लावा.

आता महिन्यांचा अनुभव. दाब आयडलला सहाच्या जवळ स्थिर, वेग वाढवल्यावर किंचित उतरतो, पण पाचच्या खाली गेलेला पाहिला नाही. फ्लोटची पातळी एकदा नव्याने लावली आणि फ्लडिंग थांबलं. प्लग आता फिकट तपकिरी निघतात. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन न अडखळता वर जातं.

खरी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटजवळ वुडवर्ड ड्रीम क्रूझ असतो, १९९५ पासून. फर्नडेलपासून पॉन्टिॲकपर्यंत जुन्या गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकते. डोक्यावर ऊन, वारा नाही, हेडर्स तापलेले. मेकॅनिकल पंप इंजिनालाच बोल्टने जोडलेला असल्याने त्यातलं पेट्रोलही तापतं आणि ओढीच्या बाजूला वाफ धरते. आमच्या लहानपणी पद्मिनी बोरघाटात बंद पडली की वडील पंपावर ओलं फडकं टाकायचे, ते याच व्हेपर लॉकसाठी. माझी कॅमारो दुपारभर चालली. दोनदा आयडल जरा डळमळलं, बंद पडली नाही. तरी त्यानंतर मी नळी हेडर्सपासून आणखी दूर नेली आणि तिच्यावर उष्णतारोधक स्लीव्ह चढवली. एसी असलेल्या अनेक शेवींना कारखान्यातूनच तीन तोंडांचा पंप आणि टाकीकडे परत जाणारी पातळ नळी मिळायची, ती वाफ परत पाठवण्यासाठीच. तुमच्या गाडीला ती परतीची नळी असेल तर दोन तोंडांचा पंप घेऊन ती बंद करू नका.

न आवडलेली गोष्ट: गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की बाउलमधलं पेट्रोल उडून जातं आणि पंप इंजिन फिरल्याशिवाय काम करत नाही, म्हणून स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो. हा दोष एका ब्रँडचा नाही, मेकॅनिकल पंपाच्या जातीचाच आहे. इलेक्ट्रिक पंप किल्ली फिरवताच बाउल भरतो. पण इंजिन थांबलं की मेकॅनिकल पंप आपोआप थांबतो. अपघातात नळी तुटली तर तो पेट्रोल ओतत बसत नाही. इलेक्ट्रिकला तीच खात्री आणायला ऑइल प्रेशर स्विच किंवा धक्क्याचा स्विच, रिले, जाड वायरिंग हे सगळं नीट करावं लागतं. रस्त्यावर चालवायच्या जुन्या गाडीसाठी मला पहिलं जास्त मोलाचं वाटतं.

एक सवय लावून घेतली आहे आणि ती कोणत्याही मेकॅनिकल पंपाला लागू आहे. दर आठवड्याला डिपस्टिक काढून तेलाचा वास घेतो आणि पातळी बघतो. डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल पंपाच्या छोट्या भोकातून बाहेर ठिबकतं किंवा थेट क्रँककेसमध्ये उतरतं. तेल पातळ झालं की बेअरिंगं जातात, आणि आत साठलेली वाफ पेट घेऊ शकते. तेलाची पातळी वाढलेली दिसली तर इंजिन चालूच करू नका.

हा पंप कोणी घेऊ नये? ज्यांचं इंजिन पाचशे हॉर्सपॉवरच्या पुढे आहे किंवा ज्यांना पुढे इंजेक्शन लावायचं आहे त्यांनी, कारण इंजेक्शनला लागणारा दाब असा पंप देऊच शकत नाही. आणि नंतरच्या काळातला ३५० चा ब्लॉक टाकला असेल तर मागवण्याआधी गाडीखाली जाऊन बघा: इंजेक्शनच्या जमान्यातल्या काही ब्लॉकांवर पंपाची जागा ओतलेली असते पण भोकं पाडलेली नसतात, आणि काही कॅमांना एक्सेंट्रिकच नसतो.